देवराव वायरमनची ओपनिंग

गावात नवा माणूस आला की त्याला आधी नाव विचारतात, मग गाव, आणि मग आडवळणानं जात. डोंगरकड्याला मी एसटीतून ट्रंक उतरवत होतो तेव्हा देवराव वायरमननं मला विचारलं, "सर, पहिलं प्यादं कोणचं हलवता? राजाचं का वजिराचं?"

मी हायस्कुलात इतिहास शिकवायला आलो होतो. बुद्धिबळ लहानपणी मामाकडे खेळलो होतो, तेही मामा हरले की जेवायचे नाहीत म्हणून जपून. मी म्हणालो, "हाताला लागेल ते."

विजेच्या तारेवर आकडा टाकताना पकडलेल्या माणसाकडे बघावं तसं देवरावांनी माझ्याकडे बघितलं. "वजिराचं. शिकाऊ माणसानं वजिराचंच हलवावं. खोली भेटली का? न्हाई? चला, आमच्या समोरचीच रिकामी हाय."

अशा रीतीनं माझी खोली आणि माझी ओपनिंग एकाच दिवशी ठरली.

देवराव साठीचे. तीस वर्षं खांबावर चढून पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी खिशातला टेस्टर काही रिटायर झाला नव्हता. सोंगट्या दाखवायच्या त्या टेस्टरच्या टोकानं. त्यांचं सगळं बुद्धिबळ खांबावरूनच खाली उतरलेलं. "आधी अर्थिंग, मंग करंट!" म्हणजे वजिराचं प्यादं दोन घरं पुढं, उंट बाहेर, मग दोन्हीकडची प्यादी एकेक घर सरकवून त्याला आधार. राजाचा किल्लेकोट केला की "मेन स्विच पेटीत गेला". आणि कुणी वजीर लवकर बाहेर काढला, की देवराव हात मागं घेत. "उघडी तार हाय ती. मी न्हाई बघत."

ही असली सुरुवात केली की पंधरा-वीस चाली कुणाचंच काही बिघडत नाही. कुणाचं काही भलंही होत नाही. पण शिकाऊ माणूस जिवंत राहतो, हे देवरावांचं म्हणणं.

याला विरोध खालेदभाई कंपाउंडरचा. त्यांनी नांदेडहून रद्दीत एक फाटकं पुस्तक आणलं होतं आणि त्यातली पहिली नऊ पानं त्यांना पाठ होती. दहावं पान फाटलेलं होतं. राजाचं प्यादं, मग उंट, मग सरळ वजीर, आणि चौथ्या चालीला मात.

"शिकाऊ आदमी को मजा आना चाहिए, वायरमन साब! मजा नहीं आया तो दूसरा डाव कौन खेलेगा?"

"आन् चौथ्या चालीला मात न्हाई बसली तं? पाचव्या चालीला काय करावं हे लिवलं हाय का तुमच्या पुस्तकात?"

"पाचवी तक सामनेवाला बचा कायकू?"

मला दोघांचंही पटायचं. तसं सांगितलं की दोघंही माझ्यावर तुटून पडायचे.

परभणी फोडून हिंगोली जिल्हा झाला, तेव्हा कोणतं ऑफिस कुठं जाणार यावर गावोगाव खल चालला होता. देवरावांच्या ओट्यावर तो विषय दीड मिनिट टिकला. एकदा देवरावांना ताप आला. खालेदभाई इंजेक्शन घेऊन आले आणि सुई वर धरून म्हणाले, "अब बोलो. राजा का प्यादा, या वजीर का?" देवराव पालथे पडल्या पडल्या म्हणाले, "टोचा. वजिराचंच."

नोकरीत होते तेव्हा लाइट गेली की अर्धं गाव देवरावांच्या दारात असायचं. शिव्या द्यायला का होईना, पण यायचं. आता त्या शिव्या नव्या वायरमनच्या वाट्याला गेल्या होत्या. बायको वारलेली, मुलगी वसमतला दिलेली. संध्याकाळी ओट्यावर न चुकता येणारे एकटे खालेदभाई, आणि तेही भांडायला.

मी आल्याच्या चौथ्या वर्षी हे भांडण मिटवायची दुर्बुद्धी सायकल दुकानातल्या रिकामटेकड्यांना सुचली. दोघांनी एकेक शिकाऊ तयार करायचा, बाजाराच्या दिवशी ओट्यावर डाव लावायचा. ज्याचा माणूस हरेल त्यानं ओपनिंगचं नाव पुन्हा काढायचं नाही. वादाच्या भरात दोघांनीही हातावर हात मारला. देवरावांचा शिकाऊ मी. खालेदभाईंनी गिरणीवाला मारोती धरला. आठ दिवस मला चालींची उजळणी, आणि मारोतीचं लक्ष पटावर म्हणून गावाच्या दळणात खडे.

डावाला चाळीस-पन्नास माणसं जमली. गुरूंनी बोलायचं नाही, असं ठरलेलं. मारोतीनं पुस्तकाप्रमाणे चौथ्या चालीला मात द्यायला वजीर पुढं काढला. मात बसली नाही. पाचव्या चालीला त्यानं खालेदभाईंकडे बघितलं. खालेदभाईंनी आभाळाकडे बघितलं. पुढं त्याचा वजीर माझ्या प्याद्यांत अडकून मेला, आणि तासाभरानं मला स्पष्ट दिसलं, की हत्ती शेवटच्या ओळीत नेला की मात. आयुष्यात पहिल्यांदाच मला कुठली मात आधी दिसली होती. मी हत्तीवर हात ठेवला.

मी अभिमानानं देवरावांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पार उतरलेला. कप उचलायचं निमित्त करून ते वाकले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "सर, नका मारू. आपण जिंकलो तं खालेदभाई उद्यापासून काहून येतील?"

मला एकदम भरून आलं. चार वर्षं समोर राहून, शेकडो कप चहा पिऊन, हे मला दिसलं नव्हतं. इतिहास शिकवतो म्हणवणाऱ्या स्वतःची मला त्या क्षणी लाज वाटली.

मी हत्तीवरचा हात काढला. "बरोबरी?"

मारोतीचा वजीर गेलेला, राजा कोपऱ्यात कोंडलेला. तो माझ्याकडे वेड्यासारखा बघत राहिला. त्यानं तोंड उघडायच्या आत खालेदभाई ओरडले, "कबूल! कबूल!" आणि त्यांनी रुमालानं सगळा चेहरा पुसून काढला.

निकाल लागला नाही म्हणून लोक आम्हा चौघांनाही नावं ठेवत बाजाराला गेले.

दुसऱ्या दिवशी पाच वाजताच देवराव पट मांडून बसले होते. दर दोन मिनिटांनी मान लांब करून गल्लीकडे बघत होते. सव्वापाचला खालेदभाई कोपऱ्यापासूनच बोलत आले. "वायरमन साब, आपके सर को तो खेलनाइच नहीं आता! एक चाल में मात थी, एक चाल में!"

"मला बी दिसली व्हती," देवराव म्हणाले. "तुमाला दिसली, तं कबूल काहून म्हणले?"

खालेदभाईंनी चपला काढल्या, पटासमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "चाय रखो पहले. देर लगेगी."