दोन हजार पंचविसाच्या भिंतीची मोहीम

सकलगुणमंडित वाचकांस साष्टांग दंडवत. खैरवाडीच्या शाळेतील भिंतीवरून जो रणसंग्राम जाहला, त्याची हकीकत कोणी लिहून न ठेविल्यास पुढील पिढी म्हणेल, असे काही घडलेच नाही. सबब कोणाची भीड न धरिता, घडले तैसे लिहिले असे.

मौजे खैरवाडी, तालुका भोर, उत्रोलीच्या वरल्या अंगास डोंगराचे कुशीत वसली. तेथे राजमान्य आनंदराव मास्तर, चित्रकलेचे खासे उस्ताद. त्यांनी भरजवानीत, चाळीस वर्षांमागे, सातवीची पोरे हाताशी घेऊन शाळेच्या पडवीतील अवघी भिंत रंगविली, आणि माथ्यावर ठळक अक्षरी मथळा घातिला, 'सन २०२५ मधील आपला गाव'. एका अंगास पंख लाविलेली मोटार आभाळी चालिली. दुसऱ्या अंगास एक गृहस्थ जेवणाऐवजी गोळी गिळून ढेकर देतो. तिसरे ठायी एक बाई ओसरीवर बसून टेलिफोनात लेकाचे तोंड पाहते. आणि मध्यभागी लोखंडी यंत्र भाताची लावणी करिते व शेतकरी बांधावर बसून पान खातो. खालचा एक कोपरा तेवढा मागाहून कोण्या जुन्या अंमलात सरकारी घोषणेखाली बुजला, आणि तेथे काय होते ते गाव विसरून गेले.

पुढे ते साल आले आणि गेले, मोटारीस पंख फुटले नाहीत, आणि पोरे मास्तरांस वाटेत गाठून विचारू लागली, "मास्तर, इमान किती वाजता लागतंय?" मास्तर हसून वेळ मारून नेत, परंतु आतून झुरत. वय जाहले, हात कापू लागला, नवे चित्र होणे नाही; ही एक भिंत तेवढी त्यांची दौलत, आणि रोज सांजवेळी पडवीत येऊन ते तिची विचारपूस करीत.

ऐसे असता यंदा लावणीच्या दिवसांत खबर आली की, स्वच्छतेची पाहणी करणेस तालुक्याहून पथक येते. सरपंच वनिताबाई, बौद्धवाडीच्या, उंचीने बेताच्या आणि कामास करड्या. त्यांनी तत्काळ हुकूम काढिला की, पडवीतील भिंत चुन्याने पांढरी करून तीवर स्वच्छतेचा संदेश लिहावा. हुकूम घेऊन ग्रामपंचायतीचे शिपाई रखमाजी निघाले. त्यांच्या मिशा कल्ल्यांस भिडलेल्या, आणि ते वनिताबाईंचे शाळेतील वर्गबंधू. मास्तरांनी हुकूम ऐकिला, आणि काठी उचलून थेट ग्रामसभेत दाखल जाहले.

"मास्तर, तुमचा मान हाय," वनिताबाई म्हणाल्या, "पर ती भिंत समदं खोटं बोलती. आल्यागेल्याम्होरं गावाचं हसं व्हतंय."

"खोटं न्हाई, बाई," मास्तर बोलिले. "उशीर झालाय."

सभेत हशा पिकला, परंतु वनिताबाई हसल्या नाहीत. त्यांनी मसलत करून करार ठरविला की, पथक येण्याचे आदल्या सांजेपावेतो मास्तरांनी भिंतीवरील एक तरी भाकीत, काढिल्याबरहुकूम, एका रेषेचा फरक न होता, खरे करून दाखवावे. तसे जाहल्यास भिंत माफ, नाहीतर चुना. निवाड्यास पंच म्हणून रखमाजींची कन्या प्रेरणा नेमिली. ती पदार्थविज्ञान शिकून नुकतीच पदवीधर जाहलेली, आणि सख्ख्या बापाचे बोलणेही पुराव्याविना खरे न मानणारी.

मग मास्तरांनी पहिला मोर्चा मोटारीवर लाविला. मारुतीच्या देवळापुढे गावाने आपल्या हातांनी जो गतिरोधक घातिला, तो इतका बुलंद की, स्वरूप ड्रायव्हराची, उतारूंची ने-आण करणारी वडाप जीप त्यावरून भरवेगाने नेली असता चारी चाके भुई सोडून वर जाती जाहली, आणि आतील उतारूंनी एकमुखाने देवाचे नाव घेतले. प्रेरणेने मोबाईलवर ते दृश्य संथ करून पुन्हा पुन्हा पाहिले आणि फैसला दिला, "चारी चाकं सुटली, हे खरं. पण मास्तर, ह्याला उडणं म्हणत न्हाईत. हे पडणं हाय, फक्त थोडं वरून."

तेथून मास्तर गोळीकडे वळले, आणि खुद्द रखमाजींसच साक्षीस उभे केले. कारण रक्तदाब, साखर, पित्त आणि गुडघा अशा चार आघाड्यांवर लढणेकरिता त्यांचेपाशी गोळ्यांचा डबा भरलेला असे. मास्तर म्हणाले, हा पुरुष गोळ्यांवर जगतो. तंव रखमाजींचे कुटुंब कमळाबाई पदर खोचून पुढे जाहल्या.

"गोळ्यावं जगत्यात व्हय? दोन गोळ्या जेवनाआदी, तीन जेवनानंतर. आन मदी चार भाकऱ्या कुनाला जात्यात, ते इचारा की!"

प्रेरणेने बापाकडे पाहिले, बापाने आभाळाकडे पाहिले, आणि तोही दावा खारीज जाहला.

टेलिफोनाचे ठायी मास्तरांस जयाची बहुत उमेद. त्यांचे चिरंजीव इंद्रजित पुण्यास चाकरीस. त्यांचे तोंड मोबाईलवर दाखविले की काम फत्ते. परंतु खैरवाडीत मोबाईलची रेंज फक्त खंडोबाच्या माळावरील खडकावर मिळे, सबब अवघी फौज डोंगर चढून गेली, आणि मास्तर खडकाचे टोकावर एका पायावर उभे राहून, स्वरूपाचा खांदा धरून, हात उंच करिते जाहले. इंद्रजितांचे तोंड उमटले, आणि ते वदले, "आवाज येतोय का?" मास्तर वदले, "येतोय, येतोय, आमचा येतोय का?" पलीकडून पुन्हा पृच्छा जाहली, "आवाज येतोय का?" ऐसा संवाद बहुत वेळ चालोन इंद्रजित तोंड उघडे ठेवूनच थिजले.

"तोंड दिसलं," प्रेरणा म्हणाली, आणि मास्तरांचे डोळे चमकले. "पण चित्रातली बाई वसरीवर बसलीय, मास्तर. ती खडकावर लंगडी घालत न्हाई."

आता उरले यंत्र. मास्तरांनी कामथडीहून लावणीचे यंत्र टेम्पोत घालून आपल्या खाचरावर आणविले. यंत्र गावी प्रथमच येते, पाहुण्यास काही उणे पडू नये, म्हणून मंडळींनी बैल घालून मांडीभर चिखल केला, जो वाडवडिलांनीही कधी केला नव्हता. आणि रोपे उपटून, धुऊन, त्यांच्या नेटक्या मुठी बांधून ठेविल्या. वास्तविक त्या यंत्रास चिखल उथळ लागतो, आणि रोप चटईसारखे पसरून वाढविलेले लागते. परंतु हे कोणी विचारिले नाही. यंत्र आवाज करीत खाचरात उतरले आणि आसनापावेतो रुतून बसले.

"एवढा चिखल केला कुणी?" चालक वरून ओरडला.

"तुमच्यासाटीच केलाय की!" गाव अभिमानाने बोलिले.

मग इर्जिकीची हाक गेली. इर्जिक म्हणजे एकाचे कामास अवघा गाव लोटतो आणि धनी सर्वांस जेवू घालितो. बाया, बापे, बैल, दोरखंड एक होऊन यंत्र ओढून बांधावर काढिते जाहले. आणि एवीतेवी पाय भरलेच आहेत, तर रोपे वाळविण्यात काय हशील, म्हणून सर्वांनी वाकून लावणीही उरकिली. चालकाने आरंभी बहाणे केले, पण बायांनी त्याच्या हाती मूठ दिली आणि त्यासही ओळीत घेतले. लावणी होऊन जेवणे जाहली तो दिवस कलला.

प्रेरणा हात धूत म्हणाली, "चित्रात यंत्र लावणी करतंय आन माणसं बांधावं बसल्यात. हितं यंत्र बांधावं बसलं."

येणेप्रमाणे चारी मोर्चे गारद जाहले. मुदतीच्या त्याच सांजेस गाव पडवीत जमला. चुना कालविला, कुंचले मांडिले, आणि चुना धरावा म्हणून जुना रंग आधी खरवडणेस पत्र्याचे तुकडे आणिले. वनिताबाईंकरिता शाळेची थोरली खुर्ची बाहेर आणिली. ती इतकी उंच की, बाई बसल्या तेव्हा त्यांच्या चपला अधांतरी लोंबत राहिल्या. त्यांनी रखमाजींस चहा आणणेचा हुकूम केला, आणि मास्तरांस म्हणाल्या, "मास्तर, तुमी घरला जावा. तुमाला बगवनार न्हाई."

"खरवडायचीच हाय, तर माज्या हातानं खरवडीन," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी पत्र्याचा तुकडा हाती घेतला. वरचे चित्र खरवडणेस जीव होईना, म्हणून ते खाली बसले, आणि ज्या कोपऱ्यावर जुनी घोषणा होती तेथून आरंभ केला. घोषणेचा रंग पापुद्र्यांनी सुटू लागला, आणि त्याखालून प्रथम दोन पाय निघाले, भुईस न टेकणारे. मास्तर थबकले, मग हलक्या हाताने आणखी खरवडिले, तो एक उंच खुर्ची निघाली, खुर्चीवर हिरव्या साडीची बाई, आणि तिच्यापुढे बशीत सांडलेला चहा घेऊन वाकलेला एक मिशाळ पुरुष. तळाशी पोरवयाचे अक्षर होते, 'सरपंच. वनिता, इयत्ता सातवी.'

"ह्यो कोपरा हिचा," मास्तर हळू म्हणाले. "पोरं लई हसली हुती तवा. येक तर म्हनला, बापय मानूस बाईला च्या नेऊन देतो व्हय कुटं?"

"कोन म्हनला?" कमळाबाईंनी विचारिले.

इतक्यात रखमाजी चहा घेऊन, बशीत सांडीत, वाकून हजर जाहले. अवघी पडवी एकदा भिंतीकडे पाहे आणि एकदा त्यांजकडे. रखमाजींनीही भिंतीकडे पाहिले, आणि कपबशीसह माघारी वळू लागले.

"आबा, हलू नका," प्रेरणा म्हणाली, आणि मोबाईल काढून चित्र व बाप शेजारी ठेवून पाहती जाहली. खुर्ची, मिशा, बशी, सांडलेला चहा, सर्व ताडून पाहिले.

"साडी हिरवी हाय," रखमाजींनी क्षीण स्वरात हरकत घेतली. "बाईची आज जांभळी हाय."

"करार रेषेचा होता, रंगाचा नव्हता," प्रेरणा म्हणाली, आणि वाकून वनिताबाईंच्या चपलांकडे पाहिले. "पायसुद्धा टेकत न्हाईत. फरक न्हाई."

वनिताबाई खुर्चीवरून उडी मारून उतरल्या, मास्तरांशेजारी भुईवर बसल्या, आणि पदराने आपल्या नावावरील भुकटी पुसली.

"मला वाटलं, गेलं आसंल हे."

"मलाबी," मास्तर म्हणाले.

ऐसी खैरवाडीची फत्ते जाहली. भिंत माफ जाहली. चुना शाळेचे मागील भिंतीस गेला, आणि पथकाने तेथील संदेश वाचून उत्तम शेरा दिला. उडती मोटार, गोळी, टेलिफोन आणि यंत्र यांस मुदतवाढ मिळाली. नवी तारीख घालू नये, ऐसा मास्तरांचा आग्रह मान्य जाहला. चहा मात्र या धामधुमीत निवून गेला, सबब तो पुन्हा गरम करून आणणेचा हुकूम निघाला. आणि रखमाजींनी, मिशा खाली पाडून, त्याची तामिली केली. या खेपेस बाईंबरोबर मास्तरांसही एक कप आणिला. हे सर्व अवघ्या गावासमक्ष घडले असे.