उत्तर एका शब्दात

कर्मचारी नोकरीत केवळ पगार पाहत नाही, हे पगार देणाऱ्यांनी पुष्कळ अभ्यासाअंती सिद्ध केले आहे. मग तो नेमके पाहतो काय, हे शोधण्यासाठी कुलपे बनवणाऱ्या एका कंपनीने आपल्या दोनशे बारा कर्मचाऱ्यांना एकेक कागद वाटला. प्रश्न एकच होता: 'चांगल्या कंपनीत तुम्हाला सर्वांत महत्त्वाचे काय वाटते?' उत्तर एका शब्दात. (चौकोनही तेवढाच होता.)

नोंदणी कारकुनाला फार विचार करावा लागला नाही. अकरा वर्षे त्याचा संगणकाचा पडदा कपाटाच्या डोक्यावर होता, कारण टेबलावर छपाईयंत्र होते. ते बंद होते. पण मालमत्तेच्या यादीत 'टेबलावर' अशी नोंद असल्याने हलवता येत नव्हते. दिवसभर वर बघून बघून कारकुनाची मान डावी-उजवीकडे वळेनाशी झाली होती. समोरच्या इमारतीतली कंपनी त्याला घ्यायला तयार होती. होकार शुक्रवारपर्यंत कळवायचा होता.

"तिथे पडदा कुठंय, ते विचारलंत?" बायको म्हणाली.

"टेबलावर."

"मग घोडं अडलंय कुठे?"

"अगं, इथेही विचारलंय ना त्यांनी. अकरा वर्षांत पहिल्यांदा! उत्तर देऊन तरी बघतो."

त्याने चौकोनात लिहिले: मान.

एकशे नव्वद कागद कोरे आले (समाधानी). एकवीस जणांनी 'पगार' लिहिले (प्रश्न समजला नाही). उरलेले एक उत्तर ग्राह्य धरण्यात आले. म्हणजे ग्राह्य उत्तरांपैकी शंभर टक्के लोकांना मान हवा होता. तो शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, सभागृहात, संबंधित कर्मचाऱ्यास देण्यात येईल अशी सूचना फळ्यावर लागली.

ती वाचून कारकून तडक कर्मचारी अधिकाऱ्याकडे गेला.

"साहेब, घोटाळा झालाय. मी लिहिलं ते तो मान नव्हे. ती मान."

"म्हणजे?"

"ती हो! ही!" त्याने मानेवर थाप मारली आणि कळवळला.

अधिकाऱ्याने शांतपणे चष्मा काढला. "हे बघा, तो आणि ती असा भेद आपल्या कंपनीत केला जात नाही."

शुक्रवारी मानपत्र वाचले गेले. मानचिन्ह म्हणून कंपनीचे सर्वांत मोठे कुलूप, वजन पावणेतीन किलो, साखळीने कारकुनाच्या गळ्यात घालण्यात आले. (किल्ली कार्यालयात जमा.)

"अहो, आता आम्हाला सोडून जाणार नाही ना?" मालकांनी आपुलकीने विचारले.

मान त्याला वळवता येत नव्हतीच. कुलपाच्या ओझ्याने ती खाली तेवढी गेली. इतिवृत्तात 'मान डोलावून मान्यता दिली' अशी नोंद झाली. 'जाणार' असे तोंडाने सांगता आले असते. पण टाळ्या चालू होत्या, मालक त्याला आयुष्यात प्रथमच 'अहो' म्हणाले होते, आणि मान मिळत असताना मध्ये बोलणे बरे दिसत नाही.

"समोरच्यांना काय कळवलंत?" बायकोने दारातच विचारले.

"येत नाही म्हणून." त्याने कुलूप दाखवले. "मान मिळाला गं."

"आणि ती?"

कारकुनाने कुलूप दोन्ही हातांनी उचलून धरले. तो छताकडे बघत होता. अलीकडे तो बहुतेक तिकडेच बघतो.

सर्वेक्षण यशस्वी झाल्याने ते आता इतर कंपन्यांतही होणार आहे, तुमच्याही. कागद आला की सावकाश विचार करून लिहा. तुमच्या नावापुढे तूर्त एवढीच नोंद आहे: हे सगळे मान खाली घालून वाचले.