तोफसाहेबांचा डावा कान

माणसाला कान दोन असतात. एक घरासाठी आणि एक नोकरीसाठी, अशी निसर्गाने रीतसर वाटणी केलेली आहे. ती सगळ्यांनाच जमते असं नाही.

अख्खा देश ज्यांना 'तोफ' म्हणून ओळखायचा, त्या निवेदकांनी आपला डावा कान फार पूर्वीच वृत्तवाहिनीच्या स्वाधीन केला होता. त्या कानात शेंगदाण्याएवढं यंत्र बसायचं आणि यंत्रात निर्मातीबाई बसायच्या. (बाई प्रत्यक्षात काचेपलीकडच्या थंडगार खोलीत, अंगावर शाल घेऊन, वीस पडद्यांसमोर बसत, पण तोफसाहेबांच्या लेखी त्यांचा कायमचा पत्ता कान हाच होता.) बाई म्हणाल्या 'चिडा', की तोफसाहेब चिडत. 'गहिवरा' म्हणाल्या की गहिवरत. 'डावीकडच्याला तोडा' म्हणाल्या की तो पाहुणा नमस्कार पुरा करायच्या आत तोडला जाई. प्रश्न विचारणं हा लोकशाहीचा प्राण असल्याने तोफसाहेबांनी कारकिर्दीत लाखभर प्रश्न विचारले. त्यांपैकी तीन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याची नोंद आहे. (दोन वेळा प्रश्न 'माझा आवाज येतोय का?' हा होता.)

घरी हे यंत्र नसायचं, त्यामुळे तोफसाहेबही जेमतेमच असायचे. बायको विचारी, "अहो, भाजी कोणती करू?" तोफसाहेब बोट कानावर दाबून, समोरच्या भिंतीकडे रोखून बघत थांबत. तेवढ्यात भाजी चिरून, शिजून, ताटात पडून संपूनही जाई. शेवटी बायको त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. कान स्वच्छ होता. पलीकडे काय दिसलं, ते त्यांनी सभ्यपणे सांगितलं नाही.

अशा या सुखी संसारात एक दिवस लेकीने सांगितलं की तिने लग्न ठरवलंय. मुलगा गुरांचा डॉक्टर आहे. "बाबा, तुम्हाला काय वाटतं?"

तोफसाहेबांचं बोट कानाकडे निघालं.

"कान सोडा," लेक म्हणाली. "मला बाईंचं मत नकोय, तुमचं हवंय. रविवारी तो येतोय, त्याच्यासमोर सांगा. नाही सांगितलंत, तर मला वडील फक्त टीव्हीवरच होते असं समजेन मी."

लेकीवर तोफसाहेबांचा जीव होता. पण तो आहे हे कसं सांगायचं, ते आजवर कुणी कानात सांगितलं नव्हतं. आरशासमोर उभं राहून त्यांनी मत काढायचा प्रयत्न केला. नुसता खोकला आला. बायकोला दया आली आणि तिने गुपचूप निर्मातीबाईंना फोन लावला. "माझ्या घराचा प्रश्न आहे हो." बाई म्हणाल्या, "रविवारी सुट्टीच आहे मला. साहेबांच्या कानात फोनला जोडलेलं यंत्र बसवून ठेवा, वाक्यं मी पुरवते."

रविवारी सकाळीच वाहिनीने बाईंना कामावर बोलावून घेतलं. 'रस्त्यातले खड्डे: गुन्हेगार कोण?' अशी तातडीची चर्चा होती. (खड्डे जुने होते, तातडी नवी होती.) बाई शब्दाच्या पक्क्या. त्यांनी फोनही चालू ठेवला आणि चर्चाही.

गुरांचा डॉक्टर आला. 'हसा,' बाई फोनवर म्हणाल्या. तोफसाहेब हसले. 'बसा म्हणा.' तोफसाहेब म्हणाले. लेकीचा चेहरा उजळला. तेवढ्यात तिकडे चर्चा सुरू झाली आणि दुसऱ्या निवेदकाला दिलेला हुकूम इकडेही पोचला. 'चिडा!'

"खड्डे कुणाच्या काळात पडले?" तोफसाहेब कडाडले.

"कुठले खड्डे, काका?"

"विषय बदलू नका! देश उत्तर मागतोय!"

"अहो, देशाचं राहू दे, या मुलाने अजून चहासुद्धा मागितला नाही," बायको म्हणाली. तिलाही तोडण्यात आलं.

"घेऊया एक छोटीशी विश्रांती. कुठेही जाऊ नका," असं सांगून तोफसाहेब स्वयंपाकघरात गेले आणि फ्रीजसमोर रंगभूषेसाठी चेहरा पुढे करून उभे राहिले. बायकोने सवयीने पदराने कपाळ टिपलं. ते परतले. "पुन्हा एकदा स्वागत!" गुरांचा डॉक्टर शांतपणे उठला. त्याने तोफसाहेबांच्या पाठीवर तळवा ठेवला आणि लेकीला हळूच म्हणाला, "बिथरलेत. भोवतालची माणसं कमी कर, पाणी दाखव."

लेकीने मात्र सरळ त्यांच्या कानातलं यंत्र उपसून काढलं. तिच्या तळहातावर ते चिवचिवत राहिलं, 'बोला! शांतता पडलीय! बोला!'

तोफसाहेबांनी यंत्राकडे पाहिलं. मग लेकीकडे.

"भीती वाटते," ते म्हणाले. आवाज बारीक होता, पण स्वतःचा होता. "तू गेलीस की मला काय वाटतं, हे कोण विचारणार? … मुलगा बरा आहे. मी एवढा ओरडलो, हा उलटून ओरडला नाही."

लेक त्यांच्या गळ्यात पडून रडली. तळहातातलं यंत्र ओरडत होतं, 'ब्रेक घ्या!' कुणीही घेतला नाही.

सोमवारी संध्याकाळी तोफसाहेबांनी ऐन प्रक्षेपणात कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. "या विषयावर मला काय वाटतं, ते मला अजून माहीत नाही. विचार करतो. तुम्हीही करा," असं म्हणून ते खरोखरच विचार करत बसले. देशभर हाहाकार उडाला. निम्म्या प्रेक्षकांनी टीव्हीला थपडा मारल्या. उरलेल्यांनी फोन करून वाहिनीला फैलावर घेतलं. "मग आम्ही चिडायचं कुणावर? जेवणं खोळंबलीत इथं!" वाहिनीने चौकशी समिती नेमली. यंत्रात दोष आढळला नाही. निवेदक विचार करताना आढळले. त्यांना तत्काळ सेवेतून मुक्त करण्यात आलं.

हल्ली तोफसाहेब रोज भाजी कोणती ते सांगतात. बहुधा चुकीची सांगतात, पण घर आनंदात जेवतं. जावई येतो तेव्हा त्यांच्या पाठीवर थोपटतो.

आता तोफसाहेबांचं चुकलं की बरोबर होतं, हे इथे कुणी सांगणार नाही. तुम्हाला काय वाटतं?

इकडेतिकडे बघू नका. आणि आधी ते बोट कानावरून काढा.