वाढीव हळद

गोदामाच्या कुलपाला बांधलेला दोरा सकाळीही तसाच होता.

उंदीर हळद खात नाहीत.

"अजीम, रिमोट कुठाय?" "घरी हाय की अण्णा. टीव्हीवर."

ढिगाला मरण नाही, असं पुष्कर म्हणाला होता.

गोपाळकृष्णांच्या डोक्यात हे सगळं एकदमच फिरत होतं. सांगलीतल्या त्यांच्या हळदीच्या पेढीत कॉम्प्युटर आला आणि झोप गेली. गोदामात होती त्याहून जास्त पोती पडद्यावर दिसत. फरक रोज वाढत होता. कुणीतरी पोती पळवतंय, याखेरीज दुसरा अर्थ काय निघणार?

पहिला संशय गुंडा हमालावर.

"आवं अण्णा, पोतं काय खिशात घालून न्हेऊ व्हय?" म्हणत गुंडानं खिसे उलटे केले. त्यातून हळद सांडली. पण हळद गुंडाच्या कानातूनही सांडली असती. गोपाळकृष्ण स्वतः गोदामात दबा धरून बसले, तेव्हा चोराच्या आधी शिंकाच आल्या.

शेवटी पुष्करला बोलावलं. हा त्यांच्या बायकोचा, उमाबाईंचा भाचा. प्रोग्रॅम त्यानंच लिहिलेला.

"काका, पोत्यांचा ढीग म्हणजे एक ऑब्जेक्ट, प्रोग्रॅममधली वस्तू. तो आपल्या इथल्या मशीनमध्ये राहतो. साताऱ्याच्या दुकानातलं मशीन बंद केलं तरी त्याला मरण नाही, तो जागचा हलत नाही. साताऱ्यानं फोनच्या तारेवरून नुसती हाक मारायची, ढीग इथं ऐकतो. यालाच रिमोट म्हणतात."

"म्हणजे साताऱ्यात बसून सांगलीच्या पोत्याला हात लावता येतो?"

"हात नाही. हाक."

"भानामतीच की रे ही."

पुष्करनं मशीन तपासलं. आकडा बदलायचा तो साताऱ्याकडूनच, आणि दिवेलागणीला. साताऱ्याच्या दुकानात अजीम बसे. त्याचे वडील कुतुबुद्दीन यांनी ते दुकान गोपाळकृष्णांच्या बरोबरीनं उभं केलेलं.

"घरचं पोर ते," उमाबाई म्हणाल्या. "दोन पिढ्यांचा विश्वास मशीनच्या सांगण्यावरून मोडणार?"

"घरचाच चोर सापडत नाही," गोपाळकृष्ण म्हणाले. हिसका दाखवून अजीमकडून किल्ल्या काढून घ्यायचं त्यांनी नक्की केलं.

संध्याकाळी सापळा लागला. मशीनचा फोन वेगळा, बोलायचा वेगळा. पुष्कर पडद्यासमोर, गोपाळकृष्णांनी सातारा लावला.

"अजीम, काय करतोयस?"

"काय न्हाई अण्णा. वाढवतोय."

पडद्यावर एक पोतं वाढलं.

गोपाळकृष्णांनी फोनवर तळवा दाबला. "ऐकलंस? तोंडानं कबूल करतोय." मग फोनमध्ये, "कधीपासून वाढवतोयस?"

"रोजच की. आदी अब्बा वाढवायचे, आता मी."

"बापसुद्धा," गोपाळकृष्ण खुर्चीत बसले. "उद्या किल्ल्या घेऊन सांगलीला ये."

"किल्ल्या? मग दुकान कोण उघडणार?"

"काका, थांबा जरा," पुष्कर म्हणाला. त्याचा चेहरा हळदीहून पिवळा झाला होता. "तो दुकान वाढवतोय."

"म्हणजे?"

"दिवस संपला की तो पडद्यावरचं 'वाढवा' हे बटण दाबतो. बटणावरचा शब्दच हाक म्हणून इकडं येतो. आपण मराठीत दुकान वाढवतो म्हणजे मिटतो, हे ढिगाला कुठलं माहीत? त्याला 'वाढवा' म्हटलं की तो एक पोतं वाढवतो."

"म्हणजे चोरी झालीच नाही?"

"जी पोती नव्हतीच, ती कोण चोरणार?"

"असला शब्द बटणावर घालायची अक्कल कुणाची?"

पुष्कर की-बोर्डकडे पाहत राहिला. उमाबाई नवऱ्याकडे.

फोनवर अजीम थांबलेलाच होता. "अण्णा, किल्ल्या सगळ्या आणू का, का एकच?"

"लाइन खराब आहे रे," गोपाळकृष्ण म्हणाले. "किल्ल्या नाही, कंदी म्हणालो मी. पेढे. येशील तेव्हा घेऊन ये."

दसऱ्याला मशीनची पूजा झाली, त्या दिवशी पुष्करनं त्या बटणावर 'बंद' लिहिलेलं होतं, आणि पेढीत असलं अभद्र नको म्हणून गोपाळकृष्णांनी ते पुन्हा 'वाढवा' करायला लावलं.