मामाने दिलेली रायफल

रस्त्यावर चिटपाखरू नाही, वरून बर्फ भुरभुरतोय, पायांची बोटं बधिर झालीत, आणि आमचा शरदमामा सिग्नलमधल्या लाल माणसाकडे बघत उभा आहे. तो माणूस हिरवा झाल्याशिवाय मामा पाऊल उचलत नाही. एकदा मी वैतागून तशीच पलीकडे गेले, तर तो अलीकडून ओरडला, "मंजू, बघायला कुणी नाही म्हणून कायदा झोपायला जात नाही." एर्लांगेनच्या अख्ख्या चौकाला त्याने हे ऐकवलं. चौकात मी एकटीच होते.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. पुण्याहून इंजिनिअर होऊन जर्मनीत आला, एक्स-रेची मशिनं तपासण्यात उभी नोकरी काढली आणि एर्लांगेनलाच निवृत्त झाला. मुळात सदाशिव पेठेतला, त्यावर जर्मनांनी पॉलिश मारलेलं. काहीही कानावर पडलं की त्याचा पहिला प्रश्न, "कायद्यात बसतं का?" कुमुदमामीने रविवारी दाणे कुटायला घेतले की म्हणायचा, "रविवारी आवाज कायद्यात बसत नाही." मामी म्हणायची, "अहो, मग कूट उद्या आणि खिचडीही उद्याच." मग मामा खलबत्त्याखाली दुहेरी टॉवेल घालून स्वतः कुटत बसायचा.

असल्या माणसाच्या घरात बंदूक होती हे सांगितलं तर कुणाला पटत नाही. शेजारच्या हेल्मुटने त्याला शुत्सेनफेराइनमध्ये ओढलं. म्हणजे नेमबाजांचं मंडळ. तिकडे गावोगाव असतात, नेम थोडा आणि बिअर भरपूर. मामा बिअर पीत नाही, त्यामुळे त्याचा नेम लागायला लागला. मग परीक्षा, परवाना, एक छोट्या बोअरची रायफल आणि तिच्यासाठी भिंतीत बोल्ट मारून बसवलेली लोखंडी तिजोरी. मामी रायफलीला 'सवत' म्हणायची. "आज रविवार, आज हे सवतीकडे," असं फोनवर सगळ्या पुण्याला सांगायची. पण दसऱ्याला पाट मांडून सवतीची पूजा तीच करायची. हळदकुंकू, फूल, पेढ्याचा नैवेद्य. पूजा झाली की मामा मऊ फडक्याने कुंकू पुसायचा, कारण कुंकवाने गंज चढतो असं त्याचं मत होतं.

मामी गेली ती ऐन थंडीत. पोटात दुखतं म्हणून दवाखान्यात गेली आणि परत आलीच नाही. दोघांना मूलबाळ नव्हतं. मी नोकरीसाठी ब्राउनश्वाइगला राहते, तिथून गेले, काही दिवस राहिले, रजा संपली तशी परत आले. आणि एका रविवारी मामाचा फोन आला.

"मंजू, तुझ्या लग्नात मामा म्हणून तुला काही द्यायचं राहिलं."

"माझं लग्नच झालं नाहीये, मामा."

"तेच म्हणतोय. राहिलं ना? मी तुला रायफल देतो."

मला वाटलं, दुःखाने डोकं फिरलं. मी गिअरबॉक्सचे आवाज कमी करण्यावर पोट भरणारी बाई, मी रायफल घेऊन काय करू? म्हटलं, "मामा, भाचीला साडी देतात." तो म्हणाला, "साडीला परवाना लागत नाही. कुणीही देईल." शेवटी मी म्हटलं, नको असेल तर आम्टात, म्हणजे सरकारी कचेरीत, जमा कर, ते नष्ट करतात. तो मग म्हणाला, "कुमुदने पुजलेली वस्तू भट्टीत घालू?" मी हो म्हटलं.

मग मामा कायद्याच्या मागे लागला. तो बायर्न राज्यात, मी नीडरझाक्सनमध्ये. बंदुकीचा कायदा देशभर एकच, हे त्याला पाठ होतं. तरी त्याने दोन्हीकडच्या आम्टांना फोन केले. म्हणाला, "कायदा एक असला तरी साहेब दोन असतात." उत्तर दोन्हीकडून तेच. भेट असली तरी घेणाऱ्याकडे स्वतःचा परवाना पाहिजे. भाची म्हणून सवलत नाही. मंडळाचं सदस्यत्व, वर्षभर नियमित सराव, मग परीक्षा, आणि घरात मान्यताप्राप्त तिजोरी.

"मी मेल्यावर वारस म्हणून घेतलीस तर सोपं आहे," तो म्हणाला. "तेव्हा सराव लागत नाही. नळीत फक्त कुलूप बसवतात."

"मग थांबू की," मी म्हटलं आणि हसले.

तो हसला नाही. "नको गं. तसं नको."

झालं. पस्तिशी ओलांडलेली मी दर आठवड्याला ब्राउनश्वाइगच्या एका तळघरात पोटावर पडून कागदाच्या गोलावर गोळ्या झाडायला लागले. कानात बोळे, नाकात धूर, शेजारी सगळे निवृत्त आजोबा. ते मला प्रेमाने 'इंडियन' म्हणायचे आणि केक खाऊ घालायचे. माझ्या गोळ्या शेजारच्याच्या कागदावर जायच्या, तो बिचारा आनंदाने आपले गुण वाढवून घ्यायचा. आणि रविवार उजाडला की मामाचा फोन. "गेलीस का? चुकवू नकोस. एक महिना चुकला तर सगळं लांबतं." मी चिडायचे. "मामा, तुझी रायफल काय पळून चाललीय?" तो मग उगाचच हवेबद्दल बोलायचा, फोन ठेवायला तयार व्हायचा नाही.

मधेच एकदा म्हणाला, "तिजोरीची चावी तुझ्याकडे कुरिअरने पाठवली तर?"

"कशाला?"

"सहज. मी आम्टात विचारलं. कायद्यात बसत नाही म्हणाले. परवाना नसलेल्या माणसाकडे चावी देता येत नाही." त्याचा आवाज परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखा होता. मी ऑफिसात ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली. स्वतःच्या तिजोरीची चावी दुसऱ्या गावी पाठवायला निघालेला माणूस, सगळे खूप हसले. पुढच्या वेळी कळलं, त्याने उरलेल्या गोळ्याही हेल्मुटच्या हवाली केल्या. मी विचारलं तर म्हणाला, "डोळे गेले आता. नेम नाही लागत."

वर्ष उलटलं, मी परीक्षा पास झाले, परवाना मिळाला. मामाने मुहूर्त काढला तो दसऱ्याचा. मी रजा टाकून गाडीने एर्लांगेनला गेले. घरात शिरले. मामीच्या वेळी आरशासारखं असणारं स्वयंपाकघर, तिथे ओट्यावर ब्रेडची पाकिटं आणि इन्स्टंट सूपच्या ढीगभर रिकाम्या पिशव्या. मामाच्या अंगावर शर्ट लोंबत होता. पण पाट मांडलेला होता. पाटावर सवत, तिच्या दस्त्यावर वाकडंतिकडं लावलेलं हळदकुंकू. पेढा नव्हता म्हणून बिस्कीट.

तेवढ्यात बेल वाजली. दारात आम्टाची बाई. त्या वर्षी कायदा कडक झाला होता आणि अधिकारी न कळवता तिजोरी तपासायला यायला लागले होते. तिने रिकामी तिजोरी पाहिली, मग पाट पाहिला. रायफलीवरचे लाल ठिपके पाहून तिचा चेहरा बदलला.

"हे काय लागलंय?" तिने जर्मनमध्ये विचारलं.

"असं आहे," मामा ताठ उभा राहून म्हणाला, "आज आम्ही शस्त्रांची पूजा करतो."

ते ऐकून ती एक पाऊल मागे सरकली. मी मधे पडले. कुंकू, सण, मामी, सगळं भराभर सांगितलं, माझा परवाना दाखवला, रायफल रिकामी आहे ते दाखवलं. बाईने क्रमांक पडताळला, बिस्किटाकडे एकदा पाहिलं आणि सैलावली. जाता जाता नेहमीचा प्रश्न विचारावा तसं विचारलं, "घरात आणखी कोण राहतं?"

"कुणी नाही," मामा म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "कुणीच नाही."

ती गेली. मामाने फडकं घेतलं आणि कुंकू पुसायला बसला. पुसून झालं तरी पुसतच होता.

"ती बाई सगळं तपासून गेली," तो म्हणाला. "तिजोरी, कुलूप, क्रमांक. पण कायद्यात आणखी एक कलम आहे, मंजू. बंदूक बाळगणारा माणूस त्या लायकीचा पाहिजे. मनाने." त्याने फडक्याची घडी घातली. "कुमुद गेल्यापासून मी कायद्यात बसत नाही गं."

मला आधी कळलंच नाही. मग चावी आठवली, हेल्मुटला दिलेल्या गोळ्या आठवल्या, ते न संपणारे फोन आठवले. 

"कुणाला का नाही बोललास?"

"काय बोलू? घरात मी आणि ही रायफल, दोघंच उरलो. तुझं वर्ष पुरं होईपर्यंत मला नीट राहायचं होतं. राहिलो." एवढं बोलून तो लहान मुलासारखा रडला. त्याला रडताना मी कधीच पाहिलं नव्हतं, मामी गेली तेव्हासुद्धा नाही.

मी रायफल पेटीत घातली, कुलूप लावलं, गाडीच्या डिकीत ठेवली. आमच्या मंडळाच्या माणसाला फोन केला की रायफल आजपासून तिथल्याच तिजोरीत राहील, माझ्या घरी येणार नाही. मग परत वर आले आणि मामाचं कपाट उघडून त्याचे स्वेटर पिशवीत भरायला लागले.

"हे काय?"

"तू येतोयस माझ्याकडे. रायफल मंडळात, तू घरी. उद्या आधी डॉक्टरकडे जायचं."

"उद्या इथे पिवळ्या पिशव्यांतला प्लॅस्टिकचा कचरा न्यायला येतात."

"हेल्मुट टाकेल."

त्याने बूट घातले, दार दोनदा ओढून पाहिलं. गाडीत बसला, पट्टा लावला, माझा पट्टा लागलाय का ते पाहिलं. गाव मागे पडलं तसा म्हणाला,

"मंजू, जास्त दिवस राहिलो तर तुझ्या पत्त्यावर नाव नोंदवावं लागेल. नाहीतर कायद्यात बसणार नाही."

"नोंदवू," मी म्हटलं.