बिराजदार सरांचा शब्दकोश

पायातल्या चपला काढून, कम्प्युटरला उदबत्ती ओवाळून मेलच्या प्रोग्रामात शुद्धलेखन तपासणारा शब्दकोश बसवणारा माणूस मी एकच पाहिला, आमचे बिराजदार सर. लातूरच्या एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात आमची टेबलं शेजारी. टेस्टचे मार्क पालकांना मेलनं धाडायचं काम त्यांचं, आणि उशीर झाला की मालकांच्या शिव्या खायचं काम माझं.

"कोश बसल्याबिगर मेल जायचा न्हाई," हे त्यांचं पालुपद. शब्दाखाली लाल रेघ आली की सर कळवळत. एकदा 'भोकर'खाली आली, तर स्क्रीनवरच ओरडले, "अरे, माणसं राहत्यात की तिथं!"

बरं, एकदाचा बसवावा आणि विषय संपवावा! छे! दर निकालाच्या दिवशी तो कोश नेमका उडायचा. मग पुन्हा डाउनलोड, पुन्हा उदबत्ती, प्रोग्राम बंद, प्रोग्राम चालू. मुलांना फळ्यावर मार्क दुपारीच दिसत, घरी मेल मात्र संध्याकाळी जाई.

अशाच एका निकालाच्या दिवशी मालकांनी बजावलं, "बिराजदार, सहाच्या आत मेल गेले नाहीत तर उद्यापासून येऊ नका." निकाल वाईट होता. भोकरच्या अर्चनाचा तर फारच. तिच्या वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं, यावेळी मार्क कमी पडले तर पोरीला घरी नेतो, शिकणं बंद.

सहा वाजत आले. सर शांतपणे म्हणाले, "बाई, कोश बसवून राहिलो."

माझं डोकं सणकलं. नोकरी जायची वेळ आली आणि हा माणूस उदबत्ती शोधतोय! मी खुर्ची ओढून त्यांच्या स्क्रीनसमोर बसले. कोश जागच्या जागी होता. मेल तयार होते. सरांनी माझ्या हातातला माउस घेतला, माझ्या डोळ्यांदेखत कोश काढून टाकला आणि पुन्हा बसवायला घेतला.

"सर! हे काय चालवलंय?"

"हळू बोला." ते खिडकीतून खाली बघत होते. खाली एसटीडी बूथपुढं आमच्या पोरापोरींची रांग. आत अर्चना, रिसीव्हर धरून नुसती रडत होती. "लेकरांना आधी बोलू द्या घरी. भूकंपात गावाकडं माझं घर बसलं, बायको गेली, तवा मी इथं होतो. मला रेडिओवर कळलं, बाई. असं कुणाला कळू नये. घरची खबर घरच्याच्या तोंडून कळावी."

तेवढ्यात मालकांचा इंटरकॉम खणाणला. सरांनी हात पुढं केला, पण मी आधी उचलला.

"कोश बसवून राहिलोत, साहेब," मी म्हटलं. "थोडा वेळ लागंल."

पलीकडून मालक काय काय बोलले ते मी ऐकून घेतलं. ठेवते न ठेवते तोच अर्चना धापा टाकत जिना चढून आली.

"सर, बाबा म्हणले, रडू नको, राहा तिथंच. जेवलीस का?"

सरांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मग खालची रांग संपेपर्यंत खिडकीतून बघत राहिले.

"बाई," ते म्हणाले, "बसला बघा कोश. धाडा."