बासरीच्या मागची बाई

मी फक्त बाल्कनीचं दार लावलं. बाकी जे झालं ते आपोआप झालं.

त्या दिवशी जावई दोन ॲम्प्लिफायर घेऊन आला. एक त्याचा स्वतःचा, दुसरा दुकानदाराने ऐकून बघायला दिलेला. दोन्ही पत्र्याच्या ट्रंकेएवढे जड. आवडेल तो ठेवायचा, दुसऱ्याला संध्याकाळी घराबाहेर काढायचं, असं ठरलेलं.

"बाबा, तुमचे कान हवेत," जावई म्हणाला.

हे वाक्य मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. दुसऱ्यांदा मोठ्याने. कारण आमच्या हिने मला न विचारता कानाच्या डॉक्टरीणबाईंची चार वाजताची वेळ घेतली होती. मी चौथी नापास माणूस, पण जन्मभर फिटर होतो. यंत्राला कुठे दुखतंय ते कानाने ओळखायचो. माझ्या कानाला नावं ठेवता?

ही ओल्या कपड्यांची बादली उचलत म्हणाली, "दोन्हींतला फरक ओळखा, डॉक्टर रद्द."

जावयाने मोबाइलवर मोजून दोन्हींचा आवाज सारखा केला. "नाहीतर मोठा वाजतो तोच चांगला वाटतो, बाबा." (कारखान्यात साहेबांचं अगदी हेच असायचं.) रस्त्यावरचे हॉर्न मध्ये नकोत म्हणून मी बाल्कनीचं दार ओढून घेतलं. त्याची कडी आपसूक पडते. दोरीवर डबल बेडची चादर होती. चादरीमागे कोण आहे ते मी बघितलं नाही. मग जावयाने माझ्या डोळ्यांवर मफलर बांधला.

पहिला वाजला. नुसती बासरी. स्वच्छ, धुतलेल्या काचेसारखी.

"कसा?"

"बरा आहे. बासरी वाजवणाऱ्याला सर्दी नाही."

दुसऱ्यात काचेचे दिवे होते. ते तापेपर्यंत थांबावं लागतं म्हणे. मग तो वाजला, आणि काय सांगू, मी खुर्चीतून निघालोच. पाय जमिनीला लागेनात. बासरी आता बासरी राहिली नव्हती, धुक्यातली नदी झाली होती. मी नावेत आडवा. वल्हं नाही, घाई नाही, चार वाजता कुठे जायचं नाही. आणि तेवढ्यात पलीकडच्या काठावरून एक बाई गायला लागली.

"जावईबापू," मी हळूच म्हणालो, "मागे बाई आहे."

"बाई? यात फक्त बासरी आहे."

"आहे. लांब आहे. 'आऽऽ होऽऽ' म्हणतेय."

जावई सरकत स्पीकरपाशी गेला. मग त्याचा आवाज कापरा झाला. "हो बाबा! डावीकडून! सहा महिने ऐकतोय ही बासरी, मला बाई कधी सापडली नाही! याला म्हणतात डीटेल!"

त्याने पहिला लावून बघितला. बाई नाही. (दम खात असणार.) पुन्हा दुसरा. बाई हजर. "डावा बोटभर बाल्कनीकडे वळवतो," म्हणत त्याने स्पीकर सरकवला, बाई जवळ आली. आणखी बोटभर वळवला, तर तबलाही लागला. धाड धाड धाड.

"हा तबल्याचा बास बघा कसला आहे, छातीत बसतो!" जावई म्हणाला.

मी नावेतच होतो. बाई काकुळतीने बोलावत होती, आणि मला वाटलं, इतक्या ओढीने आपल्याला आजवर कुणी हाक मारली नाही. डोळे भरून आले. मफलर ओला झाला.

मग दाराची बेल वाजली. जावयाने दार उघडलं. चार जिने चढून धापा टाकणाऱ्या वॉचमनचा आवाज आला.

"काका, अर्धी गल्ली वर बघतेय. काकूंना आत घ्या की!"

मी मफलर काढला. काचेपलीकडे ही उभी. हातात बादली, आणि बादलीच्या बुडावर तबल्याचे पोचे.

आत येऊन ती काही बोलायच्या आधीच मी उभा राहिलो. "अगं, पास झालो मी! दार बंद, वर बासरी चालू, तरी तुझा आवाज मला आला! जावयाला विचार! डॉक्टर रद्द!"

"ऐकू आलं तुम्हाला?"

"शब्द न् शब्द!"

"मग अर्धा तास दार का नाही उघडलंत?"

जावई एकदम खाली वाकून वायरी गोळा करायला लागला.

मी उभ्या उभ्या विचार केला. ऐकू आलं म्हणावं तर मेलो. नाही म्हणावं तर नुसता बहिरा. गुपचूप शर्ट चढवला आणि तिच्यामागून दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाईंनी काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले, टींग टींग वाजवलं. मग कागद बघून खूश झाल्या. "काका, विशीतल्या माणसाचे कान आहेत हो तुमचे!"

मी पुढे वाकलो. "बाई, तुमच्या पाया पडतो. बहिरा आहे असं लिहून द्या. निदान डावा तरी."

"काका, जरा हळू बोला," त्या म्हणाल्या. "बाहेर काकूंना सगळं ऐकू जातंय."

"जातंय!" बाहेरून आवाज आला. तो मात्र दोन्ही कानांनी अगदी स्वच्छ ऐकू आला.